कित्ता, उसनवारी आणि नक्कल

मराठीत 'कॉपी' हा शब्द इंग्रजीपेक्षा जास्त बदनाम आहे. तिकडे त्याचा पहिला अर्थ नुसता 'प्रत' असा. आपल्याकडे दहावी-बारावीच्या हंगामात 'कॉपी सापडली' म्हटले की बाकाखाली लपवलेली चिठ्ठीच डोळ्यांपुढे येते, आणि 'कॉपीमुक्त अभियान' म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी मात्र वर्षभराच्या कामासाठी वेगळा शब्द घडवला आहे : छापणे. 'असाइनमेंट झाली का?' 'हो, रात्रीच छापली.' हे बोलताना आवाज खाली येत नाही. परीक्षेतली कॉपी ही चोरी आणि जर्नल छापणे ही रीत, असा भेद मुलांच्या मनात पक्का असतो.

मी २२ वर्षे प्रोग्रॅमिंग शिकवतो आहे. दर वर्षी पहिल्या महिन्यात कोणीतरी विचारते, 'सर, नोकरी लागल्यावर सगळे नेटवरूनच कोड घेतात. मग इथे घेतला तर काय बिघडले?' प्रश्नात उद्धटपणा नसतो, आणि 'नियम आहे म्हणून' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. या विषयाचे नियम जगात कसे घडले, नक्कल पकडणारी यंत्रे नेमके काय पाहतात आणि प्रामाणिकपणाच्या नियमाने शेवटी राखायचे काय असते, हे या लेखात मांडायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो : हा नियम उत्तराची मालकी राखण्यासाठी नाही. उत्तरापर्यंत पोचताना विद्यार्थ्याला जी अडचण सोसावी लागते, ती अडचण त्याच्या वाट्याला येऊ देणे हे या नियमाचे काम आहे.

धंद्याची रीत, वर्गाची रीत

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राने क्रमाने पाळायच्या सूचनांचा मजकूर. तो माणूस लिहितो, त्यामुळे त्यात लिहिणाऱ्याची ढब उतरते : नावे कशी दिली, काम किती तुकड्यांत वाटले, कुठे घाई केली. पण कवितेच्या तुलनेत इथे मोकळीक फार कमी. एक ते शंभर या संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम साठ मुलांनी साठ खोल्यांत बसून लिहिला, तरी त्यांतले बरेचसे जवळपास सारखेच निघतील. दोन कवींची पहिली दहा ओळींची कविता शब्दशः जुळली तर आपण भुवया उंचावू. दोन नवशिक्यांचे दहा ओळींचे प्रोग्रॅम जुळले तर त्यात नवल नाही.

शिवाय या धंद्यात दुसऱ्याचे घेणे हा शहाणपणा मानतात. १९९१ साली सुरू झालेले लिनक्स आज हजारो लोकांनी लिहिलेल्या कोडवर उभे आहे आणि ते कोणालाही वाचता, वापरता, बदलता येते. २००८ पासून चालू असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर लाखो अडचणी आणि त्यांची उत्तरे साठलेली आहेत. कामावर असलेला प्रोग्रॅमर तिथे रोज डोकावतो. तयार आणि पारखलेली वस्तू सोडून तीच नव्याने घडवत बसणाऱ्याला वरिष्ठ रागावतात.

तरी या उघड्या जगालाही शिस्त आहे. एमआयटी परवाना हा सर्वांत सैल परवान्यांपैकी एक, पण त्यातही मूळ लेखकाच्या हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर तसाच ठेवण्याची अट आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरचे उत्तर घेतले तर श्रेय देणे हा तिथल्या परवान्याचा भाग आहे. म्हणजे धंद्यातही घ्यावे, पण नाव पुसू नये, एवढे बंधन आहेच. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा जपणाऱ्या आपल्या परंपरेला हे नवे वाटू नये.

वर्गात मात्र नाव ठेवणे पुरत नाही, कारण तिथे वस्तूच कोणाला नको असते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या, यादी क्रमाने लावणाऱ्या प्रोग्रॅमची जगाला काहीही गरज नाही. त्याहून चांगला प्रत्येक संगणकात आधीच आहे. तो लिहायला लावतात तो लिहिताना चुकावे, अडावे, तासभर डोके खाजवावे आणि मग कुठे चुकलो ते सापडावे म्हणून. तयार उत्तर आणून दिले की कागद भरतो, पण ज्यासाठी कागद दिला होता ते घडतच नाही.

म्हणून मी मुलांना तीन शब्द वेगळे करून देतो. पहिला कित्ता. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाला कोणी चोर म्हणत नाही. वरची ओळ गुरुजींची आणि खालची आपली, हे दोघांनाही ठाऊक असते. पुस्तकातला प्रोग्रॅम आपल्या हाताने टंकावा, चालवावा, मग त्यातली एक ओळ बदलून काय होते ते पाहावे, हा कित्ताच. दुसरा उसनवारी. इथे वस्तू दुसऱ्याची असते आणि ती कोणाकडून आणली हे उघड असते. तिसरा नक्कल. नक्कल करणाऱ्याने वरची ओळ पुसून टाकलेली असते, आणि खालची आपली म्हणून तो पुढे करतो.

उफणणीचे गणित

वर्गात दहा-वीस मुले असतात तेव्हा शिक्षकाला नक्कल डोळ्यांनी दिसते. शेकडो मुले झाली की ते जमत नाही, आणि हा प्रश्न पन्नास वर्षे जुना आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातील कार्ल ऑटेनस्टाइन यांनी फोरट्रान भाषेतल्या प्रोग्रॅमांसाठी एक पद्धत मांडली. तिथलेच मॉरिस हॉल्स्टेड प्रोग्रॅममधल्या क्रियाचिन्हांची आणि त्या क्रिया ज्यांवर होतात त्या पदांची मोजदाद करत असत. एकूण किती आणि त्यांत वेगवेगळी किती, असे चार आकडे निघतात. दोन प्रोग्रॅमांचे चारही आकडे जुळले तर ते शेजारी ठेवून तपासायचे. पद्धत सुटसुटीत, पण भोळी. निरुपयोगी अशी एक ओळ मध्ये घातली की आकडे बदलले.

त्यानंतरच्या साधनांत सर्वांत जास्त वापरले गेले ते मॉस. १९९४ साली बर्कली येथे अलेक्स एकेन यांनी ते तयार केले. त्यामागचे गणित श्लाइमर, विल्करसन आणि एकेन यांनी २००३ साली एका शोधनिबंधात मांडले. त्या पद्धतीच्या इंग्रजी नावाचा अर्थ आपल्या खळ्यावरचा आहे : उफणणी. धान्य उफणताना जसा भुसा उडून जातो आणि दाणा खाली पडतो, तसे हे काम चालते.

आधी प्रोग्रॅममधले वरवरचे सारे काढून टाकतात : मोकळ्या जागा, टिपा, चलांना दिलेली नावे. एखाद्याने ढापलेल्या गोष्टीत गणपतचा दगडू केला आणि नाशिकचे सोलापूर केले तरी सांगाडा राहतोच. इथे नावे पुसून फक्त सांगाडा ठेवायचा. मग त्या सांगाड्याचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे करायचे : पहिल्या अक्षरापासून सहा, दुसऱ्यापासून सहा, तिसऱ्यापासून सहा, असे शेवटपर्यंत. प्रत्येक तुकड्याला सूत्राने एक आकडा द्यायचा. हे आकडे फार होतात, म्हणून सलग पाच-पाच आकड्यांच्या खिडकीतून पाहत जायचे आणि प्रत्येक खिडकीतला सर्वांत लहान आकडा उचलायचा. हे उचललेले आकडे म्हणजे त्या प्रोग्रॅमचे ठसे. या निवडीची गंमत अशी की दोन मजकुरांत सलग दहा अक्षरे जरी सारखी असतील, तरी किमान एक ठसा दोन्हींत सामायिक निघतोच. तुकडे मागेपुढे हलवले, मध्ये काही घुसडले, तरी ठसे सापडतात.

मॉसमध्ये आणखी दोन सोयी आहेत. शिक्षकाने स्वतः वाटलेला कोड तुलनेतून वगळता येतो. आणि एखादा तुकडा दहापेक्षा जास्त प्रोग्रॅमांत दिसला तर, ही मर्यादा बदलली नसेल तोवर, मॉस तो सर्वांचा सामायिक माल समजून सोडून देते. विचार रास्त आहे, कारण एवढ्या जणांत दिसणारी गोष्ट बहुधा फळ्यावरून आलेली असते. पण आपल्याकडे त्याचा विचित्र परिणाम होऊ शकतो. दोघांनी एकमेकांचे घेतले तर ते सापडतील. सगळ्या वर्गाने एकाच वरिष्ठ विद्यार्थ्याची फाइल छापली तर यंत्र तिला सामायिक समजून पुढे जाईल.

महत्त्वाचे हे की ही यंत्रे नक्कल ओळखत नाहीत, फक्त सारखेपणा दाखवतात. मॉस बनवणाऱ्यांनीच बजावले आहे की नुसत्या टक्क्यांवरून निर्णय देणे हा त्या साधनाचा गैरवापर आहे. सारखेपणा का आला हे माणसाने पाहायचे असते.

चुकीची साक्ष

ते कसे पाहावे, याची एक चांगली शाळा पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ साली त्याचे प्रमुख संपादक झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. देशभरातल्या पोथ्या शेजारी ठेवून कोणती कोणावरून उतरली हे ठरवणे, हा त्या कामाचा गाभा. पाठचिकित्सेतले एक जुने तत्त्व असे : दोन पोथ्यांत योग्य पाठ सारखा असेल तर त्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही, कारण योग्य पाठ कोणाकडेही असणारच. दोन्हींत एकच विचित्र चूक एकाच जागी असेल तर मात्र त्या एका घराण्यातल्या.

प्रोग्रॅमांनाही हेच लागू पडते. दोघांचे उत्तर बरोबर आणि सारखे, यात संशय घेण्यासारखे काही नसते. दोघांनीही 'टोटल'ऐवजी 'टोटेल' लिहिले, दोघांनीही सुरुवातीला एक चल घोषित करून पुढे तो कुठेच वापरला नाही, दोघांचीही आवर्तने एकाच जागी एकने कमी पडली, तर विचारण्याची वेळ आली. मी तपासताना बरोबर ओळींकडे थोडा वेळ आणि चुकांकडे जास्त वेळ पाहतो.

तरीही घाई करता येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या दोघींचे प्रोग्रॅम असेच चुकांसकट जुळले. त्या वेगवेगळ्या तुकड्यांत होत्या, एकमेकींना नीट ओळखतही नव्हत्या. मी दोघींना वेगवेगळे बोलावून एकेक ओळ समजावून सांगायला लावली. दोघींनी सांगितली, आणि दोघींची अडखळण्याची जागाही एकच निघाली. उलगडा असा की दोघी एकाच खासगी शिकवणीला वेगवेगळ्या वेळी जात होत्या, आणि तिथल्या सरांनी अशा प्रश्नांचा एक साचा सांगितला होता. चूक त्या साच्यात होती. म्हणजे पहिल्या पोथीवरून दुसरी उतरली नव्हती, दोन्ही तिसरीवरून आल्या होत्या. टक्क्यांचा कागद पुढे ठेवून मी शिक्षा केली असती तर दोन प्रामाणिक मुली नक्कलखोर ठरल्या असत्या, आणि तो शिक्का पुसायला त्यांच्या हातात काहीच नव्हते. 'मी केले नाही' हे सिद्ध करायचे कशाने?

सारासार विचाराचा नियम

नियम कसा लिहावा याचे मला सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण वाटते ते हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस ५० या प्राथमिक अभ्यासक्रमाचे. डेव्हिड मेलन तो २००७ पासून शिकवतात. वर्गात शेकडो विद्यार्थी, त्यांतल्या अनेकांनी आधी कधी प्रोग्रॅम लिहिलेला नसतो. तिथल्या नियमाचे सूत्र आहे : सारासार विचाराने वागा. पण सूत्र सांगून ते थांबत नाहीत. काय चालेल आणि काय चालणार नाही याच्या दोन लांब याद्या पुढे जोडलेल्या आहेत.

त्यातली एक अट फार विचारपूर्वक घातलेली आहे. मदत मागताना तुम्ही तुमचा कोड दुसऱ्याला दाखवू शकता, पण त्याचा पाहू शकत नाही. वरवर ही एकतर्फी वाटते. पण तिचा परिणाम पाहा. मदत मागणाऱ्याला आधी काहीतरी लिहावेच लागते, नाहीतर दाखवणार काय? मदत करणारा त्याच्या चुकीवर बोट ठेवू शकतो, मात्र दुरुस्ती अडलेल्यानेच करायची असते. दुसरी अट अशी की प्रश्नाविषयी मित्रांशी बोलायला मुभा आहे, पण ते इंग्रजीत किंवा दुसऱ्या कोणत्याही बोलल्या जाणाऱ्या भाषेत. म्हणजे तिथला मराठी मुलगा आपल्या मित्राला 'आधी सगळ्यांत लहान शोध, मग त्याला पुढे आण' असे मराठीत खुशाल सांगू शकतो. विचार वाटून घेता येतो. तो यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम ज्याचे त्याने करायचे. दुसरीकडून एखाद-दोन ओळी घेतल्या तर त्या कुठून घेतल्या हे लिहायचे, आणि त्या ओळीच मूळ प्रश्नाचे उत्तर असता कामा नयेत. पैसे देऊन काम करून घेणे आणि एका विषयाला दिलेले काम दुसऱ्या विषयाला पुन्हा देणे, हे दोन्ही दुसऱ्या यादीत आहे.

२०१४ साली या नियमांत एक कलम वाढवले गेले. त्याला मी पश्चात्तापाचे कलम म्हणतो. विद्यार्थ्याच्या हातून नियमभंग झाला आणि त्याने ७२ तासांच्या आत स्वतः येऊन सांगितले, तर अभ्यासक्रमाच्या पातळीवर, म्हणजे त्या कामाचे गुण कापून वगैरे, शिक्षा होऊ शकते; पण पुन्हा पुन्हा तसे घडले नसेल तर प्रकरण विद्यापीठाच्या शिस्तपालनाकडे पाठवले जात नाही. नक्कल बहुधा रात्री दोन वाजता होते. मुदत सकाळची, उत्तर हाताशी, डोके चालत नाही. त्या क्षणी कोणतीच शिक्षा आठवत नाही. सकाळी मात्र आठवते, आणि तेव्हा विद्यार्थ्यापुढे एकच वाट असेल तर तो गप्प बसतो. या कलमाने नक्कल थांबते असे मी म्हणणार नाही. पण चूक आणि लबाडी यांच्यामध्ये तीन दिवसांची जागा त्याने तयार केली आहे, आणि त्या जागेत शिक्षकाला अडलेला मुलगा भेटू शकतो.

आपले जर्नल

आता आपल्याकडे पाहू. विद्यार्थ्याच्या जर्नलात उद्दिष्ट, सिद्धांत, कृतीच्या पायऱ्या, प्रोग्रॅम, आउटपुट आणि निष्कर्ष असे ठरलेले भाग. प्रत्येक प्रयोगावर शिक्षकाची सही, आणि सुरुवातीला विद्यार्थ्याने हे काम समाधानकारक पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. सही होते ती भाग पूर्ण आहेत यावर. जे पाहिले जाते ते मुले करतात. मजकूर पूर्ण हवा असेल तर पूर्ण मजकूर गेल्या वर्षीच्या फाइलीत तयार आहेच. या रीतीत वाढलेल्या मुलाला नक्कलखोर म्हणण्याआधी आपण त्याला कधी वेगळे काही मागितले होते का, हे विचारायला हवे.

नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम केले. त्यात सारखेपणाच्या टक्क्यांवर पायऱ्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित मजकूर देण्यास बंदी, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. ही रचना मुख्यतः प्रबंध-शोधनिबंधांपुढे पाहून केलेली आहे. तीच फूटपट्टी प्रोग्रॅमला लावली तर बेरजेच्या दहा ओळी लिहिणारा प्रत्येक प्रामाणिक मुलगा शेवटच्या पायरीवर जाऊन बसेल, आणि दुसऱ्याची कल्पना नव्याने टंकून आणणारा पहिल्या पायरीवर सुखरूप राहील. प्रोग्रॅमिंगच्या रोजच्या कामासाठी शिक्षकाला स्वतःचा नियम लिहावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणीच लिहिलेला नसतो.

याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती इथून अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांना. चार वर्षे 'फाइल पाठव ना' हा मैत्रीचा साधा व्यवहार असतो. तिकडे पहिल्याच सत्रात तीच फाइल मागणारा आणि पाठवणारा असे दोघेही चौकशीपुढे उभे राहू शकतात. अनेक अभ्यासक्रमांत आपले उत्तर दुसऱ्याला देणे हाही नियमभंगच असतो. त्यांच्या विद्यार्थी-व्हिसाची एक अट पूर्णवेळ शिकत असणे ही आहे. निलंबन झाले की ती अट मोडते, आणि एका असाइनमेंटचा प्रश्न घरच्या कर्जापर्यंत येऊन पोचतो. जाण्याआधी या मुलांना थंडीच्या कपड्यांची यादी मिळते. ही गोष्ट कोणी सांगत नाही.

यंत्रच उत्तर देते तेव्हा

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि तुलनेवर उभी असलेली सारी तपासणी डळमळली. मॉसला दोन पोथ्या लागतात. इथे दुसरी पोथीच नाही. प्रश्न विचारावा तेव्हा थोडे निराळे, पण चालणारे उत्तर मिळते.

मग यंत्राचे लेखन ओळखणारी यंत्रे आली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के ओळखत होते आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर खोटा आळ घेत होते. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेतले गेले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेल्या ९१ निबंधांवर त्या साधनांनी सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक वेळा यंत्रलिखित असल्याचा शेरा मारला. ही गोष्ट निबंधांची आहे, प्रोग्रॅमची नव्हे. पण जपून, ठरावीक शब्दांत लिहिणाऱ्या माणसावर यंत्राचा संशय आधी जातो, आणि नवशिक्याचा प्रोग्रॅम तसाच जपून लिहिलेला असतो.

सीएस ५० ने २०२३ पासून मधली वाट धरली. चॅटजीपीटीसारखी उत्तर देणारी साधने चालणार नाहीत. पण अभ्यासक्रमाने स्वतः बनवलेला एक सहायक चालेल. त्याला बदकाचे नाव आहे. प्रोग्रॅमरांत एक जुनी सवय आहे : टेबलावर रबरी बदक ठेवायचे आणि आपला कोड त्याला ओळीओळीने समजावून सांगायचा, सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते. नव्या बदकाला बोलता येते, मात्र उत्तर हातात न देता उत्तराकडे नेण्याची शिकवण त्याला दिलेली आहे.

आपल्याकडे याहून जुने आणि स्वस्त साधन आहे : तोंडी परीक्षा. आपण तिला वर्षाअखेरीचा सोपस्कार करून टाकले आहे. मी ती दर पंधरवड्याला, पाच मिनिटांची घेतो. प्रोग्रॅम पडद्यावर, आणि प्रश्न एकच : 'ही ओळ काढली तर काय होईल?' ज्याने स्वतः लिहिले आहे तो क्षणभर थांबून अंदाज सांगतो, तो चुकला तरी त्याचा विचार ऐकू येतो. ज्याने छापले आहे तो ओळीकडे पाहतो आणि मग माझ्याकडे पाहतो. साठ मुलांना पाच मिनिटे म्हणजे पाच तास. ते काढणे अवघड आहे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. पण मुलाला खरेच काय समजले हे माझ्यापुढे बसवून विचारल्याशिवाय मला कळत नाही, आणि नक्कल पकडण्यापेक्षा ते कळणे मला जास्त हवे असते.

वहीच्या पहिल्या पानावर

या साऱ्यातून माझ्या वर्गापुरते चार नियम उरले आहेत. ते मराठीत आहेत आणि मुले ते वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहितात. प्रश्नाविषयी कोणाशीही बोला, पण बोलताना समोर कोड नको. अडलात तर तुमचे दाखवा, दुसऱ्याचे पाहू नका. बाहेरून जे आणाल, मग ते पुस्तकातून असो, मित्राकडून असो की यंत्राकडून, त्याचे नाव त्या ओळीशेजारी लिहा. आणि जे समजावून सांगता येत नाही ते आपले म्हणून देऊ नका. नियम मोडला आणि तीन दिवसांत येऊन सांगितले तर पुन्हा लिहून द्यायची संधी मिळते; ही मुभा हार्वर्डच्या कलमावरून उसनी घेतली आहे, हे मी मुलांना सांगतो.

प्रत्येक कामाच्या शेवटी 'घेतलेली मदत' असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी सगळ्यांनी त्यात 'नाही' लिहिले. मदत लिहिली तर गुण जातील, असा त्यांचा अनुभवाने आलेला समज होता. कोणाचेही गुण गेले नाहीत, हे पाहिल्यावर हळूहळू नावे यायला लागली : मैत्रीण, शिकवणीचे सर, यूट्यूब, चॅटजीपीटी. गेल्या सत्रात एका मुलाने लिहिले होते, 'ओळ १४ ते २० दादाने सांगितल्या. चालतात, पण का चालतात ते अजून कळलेले नाही.' जुन्या हिशेबाने ही अपुऱ्या कामाची कबुली आहे. माझ्या दृष्टीने त्या दिवशीच्या साठ वह्यांत ती सर्वांत उपयोगाची नोंद होती, कारण दुसऱ्या दिवशी तास कुठून सुरू करायचा हे तिने मला सांगितले.